गुलाबी दुधातली मंजिष्ठा : एका छोट्या डेअरीच्या नैसर्गिक रंगाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली ही एक छोटी डेअरी. गोळा झालेलं बरंचसं दूध मोठ्या संघाला जातं आणि राहिलेल्या दुधातून मालक स्वतःच्या नावाने सुगंधी दूध काढतात. २०० मिलिच्या काचेच्या बाटल्या, वर पत्र्याचं बूच, रिटॉर्टमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांवर निर्जंतुक केलेल्या. फ्रिज नसलेल्या टपरीवरही हे दूध टिकतं. वेलची, पिस्ता, केशर आणि गुलाब असे चार स्वाद होते. त्यात गुलाब सगळ्यात पुढे, कारण शाळांच्या कॅन्टीनमध्ये मुलं तेच मागायची.

गावाचं, डेअरीचं, माणसांचं नाव इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मालकांना सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन. हिशेब, लेबलं आणि छोटी प्रयोगशाळा वहिनी सांभाळतात. मी अन्नतंत्रज्ञ आहे. अशा उद्योगांना पाककृती बसवून देणं, टिकाऊपणा तपासणं, कागदपत्रं नीट करणं हे माझं काम. या प्रकरणात माझीही एक मोठी चूक आहे, तीही पुढे येईल.

गुलाब दुधाचा गुलाबी रंग कार्मोझिनचा होता. हा कृत्रिम रंग आपल्याकडे परवानगी असलेल्या यादीत आहे आणि डेअरी तो मर्यादेच्या बराच आत राहून वापरत होती. बेकायदा काही नव्हतं.

अडचण

एका शाळेच्या पालकसभेत प्रश्न निघाला : मुलांना कृत्रिम रंगाचं दूध का देता? एका पालकांनी फोनवर युरोपातल्या लेबलचा फोटो दाखवला. हा फोटो खराच होता. २००७ मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाने मुलांवर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि काही कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणामुळे मुलांची चंचलता वाढते का, ही चर्चा सुरू झाली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने हा पुरावा मर्यादित ठरवला. तरीही तिथल्या कायद्याने २०१० पासून सहा रंगांच्या लेबलवर मुलांविषयीचा इशारा सक्तीचा झाला. कार्मोझिन त्या सहांत आहे. पालकांची काळजी अगदीच हवेतली होती असं मी म्हणणार नाही.

शाळेने कळवलं की पुढच्या सत्रापासून कृत्रिम रंग चालणार नाही. गुलाब दुधाचा बराच खप शाळांत होता. दादांनी पुरवठादारांना फोन लावले आणि एकच वाक्य सांगितलं : “काहीही करा, पण रंग नैसर्गिक पाहिजे.” हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच वाक्याच्या चौकटीत झाले. रंग सुरक्षित हवा, असं त्या वेळी कुणी म्हटलं नाही. नैसर्गिक म्हटल्यावर ते त्यात आलंच, असं सगळ्यांनी धरलं.

पहिल्या फेरीतले पर्याय

गुलाबी दूध वनस्पतीच्या रंगाने करणं दिसतं त्याहून अवघड आहे. दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साडेसहाच्या वर असतो आणि बाटलीला १२१ अंशांतून जावं लागतं. या दोन अटींत भले भले रंग हरतात.

बीट पहिल्यांदा करून पाहिलं. कच्च्या दुधात इतका सुरेख रंग आला की वहिनींनी फोटो काढून पाठवला. रिटॉर्टमधून बाटल्या बाहेर आल्या तेव्हा दूध चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं भुरकट झालं होतं. बीटमधलं बीटानिन उष्णता सहन करत नाही.

मग कोकम. दादांचं आजोळ कोकणातलं, त्यांना ही कल्पना फार आवडली होती. पण कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. हे रंगद्रव्य आंबटात लाल राहतं आणि आंबटपणा गेला की जांभळट-राखाडी होतं. आगळ जास्त घातलं तर दूध नासतं, कमी घातलं तर दूध मळकं दिसतं. जांभूळ, काळी द्राक्षं यांचंही तेच. कोचिनियल कीटकापासून मिळणारा कार्मिन उष्णतेला उत्तम टिकतो, पण दुधाच्या बाटलीवरचा हिरवा ठिपका जातो, म्हणून तो विषय तिथेच मिटला. शेंद्री आणि हळद पिवळ्या-केशरी घरातल्या, गुलाबी देत नाहीत.

मंजिष्ठा कशी आत आली

पुरवठादाराने मंजिष्ठाच्या अर्काची भुकटी पाठवली. पाच किलोचा डबा, आत चंदेरी पिशवी, भुकटी विटकरी लाल. सोबत विश्लेषणाचं प्रमाणपत्र होतं : ओलावा, राख, शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम, एकूण जिवाणू, बुरशी, ई. कोलाय, साल्मोनेला. सगळे आकडे मर्यादेत. खाली लिहिलं होतं, ‘आयुर्वेदिक, शंभर टक्के नैसर्गिक’.

मंजिष्ठा आपल्याला परकी नाही. महामंजिष्ठादि काढा कितीतरी घरांच्या कपाटात असतो. ‘रक्त शुद्ध करते’ हे आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. ही मुळी रुबिया कॉर्डिफोलिया या वेलीची. कापड रंगवायलाही ती शतकानुशतकं वापरली गेली आहे, तुरटीची जोड दिली की सुती कापडावर पक्का लाल रंग बसतो.

दुधात तिने कमाल केली. लिटरला अर्धा ग्रॅम भुकटी, रिटॉर्टनंतरही फिकट शेंदरी-गुलाबी रंग जसाच्या तसा. फक्त आठवड्याभराने बाटलीच्या तळाशी लालसर गाळ बसायला लागला. मला बोलावलं ते या गाळासाठी.

माझी चूक इथे झाली. मी प्रमाणपत्र वाचलं, जड धातू आणि जिवाणूंचे आकडे पाहिले, मान डोलावली आणि गाळाच्या मागे लागले. कॅरॅगिनन (दूध एकजीव ठेवणारा स्थिरकारक) थोडं वाढवलं, दुधातली स्निग्धता बारीक करणाऱ्या होमोजिनायझरचा दाब बदलला, भुकटी आधी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांत गाळ गेला. मला विचारलेला प्रश्न मी सोडवला. जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो विचारणं माझंच काम होतं आणि ते मी केलं नाही.

या दोन-तीन आठवड्यांत रोज चाचणीच्या बाटल्या निघत होत्या. बाटल्या भरणाऱ्या विभागातल्या एका मावशींची जीभ फार तयार, दूध किंचित लागलेलं असलं तरी त्या ओळखतात. प्रत्येक घाण्याची चव त्याच घ्यायच्या. आणि त्याच काळात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. दादांनी उत्साहाने नव्या रंगाच्या दीडेकशे बाटल्या भेट म्हणून पाठवल्या.

प्रश्न कुठे उभा राहिला

स्नेहसंमेलन झालं, त्यानंतरच्या आठवड्यात वहिनी नवं लेबल टाइप करत होत्या. घटकांची ओळ अशी होती : दूध, साखर, स्थिरकारक (आयएनएस ४०७), गुलाबाचा स्वाद, रंग (आयएनएस …). आयएनएस म्हणजे मिश्रकांचा, अन्नात मुद्दाम घालायच्या रंग-स्थिरकारकांसारख्या पदार्थांचा, आंतरराष्ट्रीय क्रमांक. तिथे त्या थांबल्या आणि मला फोन केला. “मॅडम, मंजिष्ठाचा नंबर काय टाकू?”

नंबर नव्हता. कॅरॅगिननला आहे, हळदीच्या कुरक्युमिनला १०० आहे, बीटच्या लालला १६२ आहे, शेंद्रीला १६० च्या घरातला आहे. मंजिष्ठाला नाही. हा क्रमांक म्हणजे नुसती नोंद नव्हे. त्यामागे सहसा कुणीतरी त्या पदार्थाची ओळख, शुद्धता आणि विषारीपणाची माहिती तपासलेली असते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याच्या कलम १९ नुसार नियमांत बसत नसलेलं मिश्रक अन्नात घालताच येत नाही. मंजिष्ठा खाद्यरंगांच्या यादीत नाही. म्हणजे ज्या दुधाला आम्ही ‘अधिक सुरक्षित’ म्हणून पुढे आणत होतो, ते कायद्यात बसतच नव्हतं, कार्मोझिनचं दूध मात्र बसत होतं. पहिल्याच दिवशी पाच मिनिटांत कळलं असतं ते दीड महिन्याने कळलं.

त्या रात्री मी मंजिष्ठाच्या कुळाविषयी वाचायला बसले आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट समोर आली.

मंजिष्ठाची युरोप-पश्चिम आशियातली सख्खी बहीण म्हणजे रुबिया टिंक्टोरम, इंग्रजीत मॅडर. जपानमध्ये तिच्या मुळांचा रंग हॅम, सॉसेज, माशाच्या वड्या, मिठाई यांत रीतसर वापरला जात होता. १९९५ मध्ये जपानने कायदा बदलून नैसर्गिक मिश्रकांनाही परवानगीच्या कक्षेत आणलं. जी आधीपासून वापरात होती, त्यांची वेगळी यादी करून ती चालू ठेवली आणि एकेकाची तपासणी हाती घेतली. मॅडरची पाळी आली तेव्हा प्रयोगशाळेतल्या उंदरांना दोन वर्षं हा रंग मिसळलेलं खाद्य दिलं गेलं. त्यांच्या मूत्रपिंडांत गाठी वाढल्या, त्यात कर्करोगाच्याही होत्या. २००४ च्या जुलैमध्ये जपानच्या अन्न सुरक्षा आयोगाने सांगितलं की या रंगाची दररोज घेता येण्याजोगी मात्रा ठरवताच येत नाही. त्याच महिन्यात रंग यादीतून काढला गेला.

मॅडरमध्ये ल्युसिडिन नावाचं, अँथ्राक्विनोन गटातलं रसायन असतं. शरीरात त्याचं असं रूप तयार होतं जे थेट डीएनएला चिकटतं. मंजिष्ठात त्याच गटातलं रुबियाडिन सापडतं, आणि यकृतातल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेने रुबियाडिनचं ल्युसिडिन होऊ शकतं. हेच रुबियाडिन यकृताला संरक्षण देतं का, यावरही आपल्याकडे संशोधन झालेलं आहे. एकाच रेणूबद्दल दोन्ही गोष्टी वाचायला मिळतात आणि दोन्ही वाचायला हव्यात. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात फक्त दुसरी होती.

मॅडर आणि मंजिष्ठा या वेगळ्या प्रजाती आहेत, हे मान्य. मॅडरवरचा प्रयोग उचलून जसाच्या तसा मंजिष्ठाला लावता येत नाही. पण भावकी इतकी जवळची आहे की मंजिष्ठा निर्धोक आहे असं गृहीतही धरता येत नाही. ते दाखवून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्याची.

अजून एक गोष्ट मला झोपू देईना. १७३६ मध्ये जॉन बेल्चियर या इंग्रज शल्यविशारदाच्या पानात आलेल्या डुकराच्या मांसातली हाडं लाल होती. ते डुक्कर कापड छापणाऱ्याच्या घरचं होतं आणि मॅडरने रंगवलेलं कापड धुताना वापरलेला कोंडा त्याला खायला घातला जात होता. मॅडरचा रंग कॅल्शियमला धरतो, म्हणून वाढत्या हाडांत जाऊन बसतो. हाडं कशी वाढतात हे समजायला पुढे शास्त्रज्ञांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. आमच्या बाटलीत रंग, कॅल्शियम आणि वाढत्या वयाचं मूल, तिन्ही एकत्र होते. यातून अपाय होतोच असं मी म्हणत नाही. पण असा रंग मुलांच्या दुधात घालायचा तर काय काय विचारायला हवं होतं, याचा अंदाज यावरून येतो.

आकडेमोड आणि दादांचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. मी पाठकोऱ्या चलनावर हिशेब मांडला.

लिटरला अर्धा ग्रॅम म्हणजे २०० मिलिच्या बाटलीत १०० मिलिग्रॅम भुकटी. मूल २० किलोचं धरलं तर किलोमागे ५ मिलिग्रॅम. जपानच्या प्रयोगातल्या उंदरांच्या खाद्यात रंगाचं प्रमाण अडीच आणि पाच टक्के होतं. अडीच टक्के म्हणजे नेहमीच्या रूपांतराने किलोमागे रोज साधारण सव्वा ग्रॅम.

दादांनी लगेच भागाकार केला. “म्हणजे अडीचशे पट अंतर आहे की! तुम्हीच मागे म्हणाला होता, शंभर पट असलं की चालतं.”

प्रश्न बरोबर होता, आणि अशा बैठकांत तो नेहमी येतो. शंभर पटीचा नियम असा : ज्या सर्वांत जास्त मात्रेला प्राण्यांवर कोणताही अपाय दिसला नाही, ती मात्रा घ्यायची. प्राणी आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी तिला दहाने भागायचं, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा दहाने. जे उरतं ती दररोजची स्वीकार्य मात्रा. कुरक्युमिनची अशी मात्रा किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत आहे, कार्मोझिनची ४ पर्यंत. डब्ल्यूएचओ आणि एफएओ यांची संयुक्त तज्ज्ञ समिती हे आकडे ठरवते.

मॅडरच्या बाबतीत भागाकार सुरू करायला अपाय न दिसलेली मात्राच हाती नव्हती. अडीचशे पटीचं अंतर होतं ते गाठी दिसलेल्या मात्रेपासूनचं. शिवाय पदार्थ डीएनएवर घाव घालणारा असेल तर ‘इतक्याखाली काहीच होत नाही’ अशी रेषा गृहीत धरली जात नाही. अशा पदार्थांसाठी युरोपची संस्था प्राण्यांत गाठींचं प्रमाण थोडं वाढवणाऱ्या मात्रेपासून दहा हजार पट किंवा त्याहून जास्त अंतर असेल तरच काळजी कमी मानते, आणि तेही नकळत आलेल्या अंशांसाठी. स्वतःच्या हाताने घालायच्या रंगाला ती सवलत म्हणून वापरायची नसते.

मग वहिनींनी दुसरा हिशेब मागितला : आपण सोडलेल्या कार्मोझिनचा. मर्यादा १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग) धरली तरी बाटलीत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाची रोजची स्वीकार्य मात्रा ८० मिलिग्रॅम. ऑफिसात थोडा वेळ कुणी बोललं नाही. ज्या रंगाला आम्ही वाईट म्हणून काढलं, त्याच्यासाठी निदान भागाकार तरी करता येत होता.

चाचणी करायची की थांबायचं

पुरवठादाराला मी प्रश्न पाठवले. प्रजाती कशावरून ठरवली? मुळी की खोडही? अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये? भुकटीत माल्टोडेक्स्ट्रिन (भर म्हणून घालायची स्टार्चची पूड) किती आणि अर्क किती? रुबियाडिन, ल्युसिडिन मोजलं आहे का? जनुकीय विषारीपणाची, म्हणजे डीएनएला इजा होते का याची, चाचणी झाली आहे का?

उत्तरात एकच अहवाल आला, उंदरांना एकदाच मोठी मात्रा देऊन केलेल्या तीव्र विषारीपणाच्या चाचणीचा. एकही उंदीर दगावला नव्हता. माणसं अशा अहवालावर सहज विसावतात. पण तो सांगतो एवढंच की एका घासाने जीव जात नाही. शाळेतलं मूल आठवड्याला तीन बाटल्या, अशी पाच-सात वर्षं पिणार असेल तर त्याबद्दल तो अहवाल एक अक्षरही बोलत नाही. ‘हजारो वर्षांपासून वापरात’ या वाक्याचंही तसंच. वैद्य मंजिष्ठा देतात ती आजार पाहून, मात्रा ठरवून, ठरावीक दिवस. नाडी न पाहता रोज सगळ्यांना द्यायची वस्तू म्हणून तिचा अनुभव हजारो वर्षांचा नाही. आपल्या ओळखीचं वेखंड घ्या. त्यातल्या बीटा-असारोन या रसायनामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला, आपल्याकडे बाळगुटीत ते अजून उगाळलं जातं.

दादांचं म्हणणं होतं की आपणच चाचणी करून घेऊ. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण बहुतेक जण इथे ‘बघू पुढे’ म्हणतात. चाचण्यांची उतरंड मी त्यांना समजावली. आधी पदार्थाची ओळख आणि घटक पक्के करायचे, कारण प्रत्येक डब्यात वेगळं काही असेल तर पुढची चाचणी नेमकी कशाची झाली हे सांगता येत नाही. मग एम्स चाचणी : साल्मोनेलाचे असे वाण घ्यायचे जे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाहीत. पदार्थ सोबत ठेवायचा, उंदराच्या यकृताचा अर्क घालून आणि न घालता, आणि हिस्टिडिन नसलेल्या थाळीवर किती वसाहती उगवतात ते मोजायचं. वसाहती वाढल्या म्हणजे जनुकांत बदल झाले. त्यानंतर सस्तन प्राण्यांच्या पेशींमधली मायक्रोन्यूक्लियस चाचणी (गुणसूत्रांना इजा होते का ते पाहणारी), मग उंदरांवर ९० दिवसांचा अभ्यास आणि गरज पडली तर दोन वर्षांचा. हे सगळं जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रमाणित प्रयोगशाळेत. पहिल्या पायऱ्या लाखांत जातात, ९० दिवसांचा अभ्यास त्याच्या कितीतरी पट आणि दोन वर्षांचा अभ्यास अशा डेअरीच्या कुवतीबाहेर.

एम्स चाचणी आवाक्यात होती आणि आम्ही तिच्यावर खरंच अडलो होतो. मी दादांना विचारलं : निकाल वाईट आला तर काय कराल? “बंद करू.” चांगला आला तर? ते विचारात पडले. चांगला आला तरी रंग यादीत येत नाही. त्यासाठी अनिर्दिष्ट अन्नघटकांच्या २०१७ च्या नियमांखाली अर्ज आणि पूर्ण माहिती लागते. तीही एका डेअरीने विकत घेतलेल्या डब्याची नव्हे, तर नेमकेपणाने ठरवलेल्या पदार्थाची. म्हणजे निकाल कोणताही आला तरी आम्हाला थांबायचंच होतं. ज्या चाचणीने निर्णय बदलणार नाही, तिच्यावर पैसे घालू नयेत, असं मी सांगितलं. ल्युसिडिन आणि रुबियाडिन काढून टाकलेला, मोजून प्रमाणित केलेला मंजिष्ठाचा रंग कुणी मोठी संस्था कधी तयार करेलही. ते आमचं काम नव्हतं.

काय केलं

मंजिष्ठाचे घाणे त्याच दिवशी थांबले. शिल्लक बाटल्या मोजून, नोंद करून नष्ट केल्या. उरलेली भुकटी वर ‘खाण्यासाठी नाही’ असं ठळक लिहून कापड रंगवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना दिली.

सगळ्यात कठीण निर्णय होता शाळेला सांगायचं की नाही हा. दादांचा विरोध होता. एका बाटलीने काही होणार नाही हे तुम्हीच म्हणता, मग उगाच घबराट कशाला? त्यांचं पहिलं वाक्य बहुधा खरं होतं. एकदा प्यायलेल्या एका बाटलीची जोखीम अगदी लहान. पण वहिनी म्हणाल्या, “आपण त्यांना ‘रसायन नको’ म्हणून हे दिलं. त्यांनी आपल्याला विचारलेलं होतं.” पत्र त्यांनीच लिहिलं, एका पानाचं : कोणता रंग होता, तो परवानगीच्या यादीत नाही हे आम्हाला नंतर कळलं, एका बाटलीने अपाय होण्याची शक्यता फार कमी का आहे, आणि आम्ही तो बंद केला आहे. खाली दादांची सही आणि माझा फोन नंबर.

गुलाब दुधासाठी तीन वाटा उरल्या होत्या : कार्मोझिनकडे परत जायचं, गुलाब बंद करायचं, किंवा रंगच घालायचा नाही. मी तिसरीचा आग्रह धरला. पांढरं गुलाब दूध कुणी घेणार नाही असं वितरक ठामपणे म्हणाला. वहिनींनी बूच गुलाबी केलं.

परिणाम

वितरकाचं निम्मं खरं ठरलं. पहिल्या उन्हाळ्यात गुलाबचा खप जवळपास अर्ध्यावर आला. टपरीवर लोक बाटली उजेडात धरून रंग बघतात आणि पांढरी दिसली की वेलची मागतात. शाळेने पत्रानंतर ते सत्र सगळंच दूध बंद ठेवलं. मला चार पालकांचे फोन आले, त्यातला एक संतापाचा. त्या बाईंचं म्हणणं होतं की आधी तपासायला काय झालं होतं. मी त्यांना तेच सांगितलं जे इथे लिहिलं आहे. पुढच्या सत्रात शाळेने वेलची आणि पांढरं गुलाब परत सुरू केलं.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा झाला. आम्ही रंग, उष्णता, गाळ, चव, लेबल आणि मग परवानगी अशा क्रमाने गेलो. परवानगीची यादी आणि ‘हे कोण, किती, किती दिवस पिणार’ हा प्रश्न पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झाला असता, तर पुढचे सगळे घाणे झालेच नसते. हल्ली पुरवठादाराचं प्रमाणपत्र हातात आलं की त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हे मी आधी बघते. शिसं आणि जिवाणूंचे आकडे भुकटीत बाहेरून काय शिरलं ते सांगतात, मुळी स्वतः काय आहे ते सांगत नाहीत.

परवानगी पक्की होईपर्यंत चाचणीचा माल डेअरीच्या फाटकाबाहेर जायला नको होता. स्नेहसंमेलनाच्या बाटल्या प्रेमाने दिल्या होत्या, म्हणूनच कुणी अडवलं नाही.

चव घेणाऱ्यांचा विचार तर आम्ही केलाच नव्हता. बंद करायचं ठरलं त्या दिवशी मावशी हात पुसत ऑफिसात आल्या. “मॅडम, पोरांना पत्र गेलं. मी तीन आठवडे रोज प्यायले, माझं काय?” मी त्यांना बसवलं आणि हिशेब केला. रोज दोन-तीन घाण्यांचे दोन-दोन घोट, म्हणजे फार तर एक बाटली, वजन पंचावन्न किलो, दिवस अठरा. किलोमागे रोज दोन मिलिग्रॅमही भरत नव्हतं. तीन आठवड्यांपुरतं हे फार थोडं आहे, याने काही होईल असं मला वाटत नाही, पण ‘नक्की काही नाही’ असं छापील उत्तर माझ्याकडे नाही, हेही सांगितलं. त्यांनी चलनावरचे आकडे नीट पाहिले, अठराच्या जागी एकोणीस करायला लावले, कारण एका रविवारीही त्या आल्या होत्या. मग तो कागद मागून घेतला आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.